खालच्या मजल्यावरचा फोन

आमच्या जिन्याला सतरा पायऱ्या आहेत आणि प्रशांतचा फोन तीन मिनिटांचा असतो. आई खाली राहते आणि गुडघे गेल्यापासून तिला वर फोनपर्यंत यायला एका पायरीला पंधरा सेकंद लागतात. हे गणित मी ऑफिसातल्या पाठकोऱ्या कागदावर तीनदा मांडून पाहिलं. तिन्ही वेळा फोन कट होतो तेव्हा आई बाराव्या पायरीवर असते.

प्रशांत माझा धाकटा भाऊ. फौजेत आहे. सत्त्याण्णव साली त्याची पोस्टिंग जम्मूच्या पलीकडे कुठेतरी होती. एक रविवार आड, सकाळी दहाला, तो खालच्या गावात उतरून एसटीडी बूथवरून फोन करायचा. त्याच्या मागे तीस जवानांची रांग असायची आणि माणशी तीन मिनिटं हा त्यांनी आपापसात केलेला कायदा होता. चौथ्या मिनिटाला मागचे लोक खोकायला लागत. ते खोकणं आम्हाला साताऱ्यात, गोडोलीत, स्वच्छ ऐकू यायचं.

'मग फोनच खाली का नेत नाही?' हा प्रश्न तुम्हाला पडला असेल. तो अख्ख्या गल्लीला पडला होता आणि प्रत्येकाला वाटत होतं की तो आपल्यालाच पहिल्यांदा सुचलाय. फोन वर, आमच्या हॉलमध्ये, शोकेसवर होता. सात वर्षं नंबर लावून आलेला फोन. त्याला आम्रपालीनं, म्हणजे माझ्या बायकोनं, क्रोशाचं झाकण विणलं होतं. शिवाय मी पाटबंधारे खात्यात हेड क्लार्क. धरणातून पाणी सोडायचं झालं तर साहेब मला फोन करतात. एकदा केला होता.

आईला वर आणून पाहिलं नाही असंही नाही. एका रविवारी मी आणि शेजारच्यांनी तिला खुर्चीत बसवून, वरातीत नवरदेव न्यावा तशी, वर नेली. ती नवं लुगडं नेसून दहा ते चार फोनसमोर बसली. त्या दिवशी तिकडे बर्फ पडला आणि लाइन लागली नाही. संध्याकाळी खाली उतरवताना ती म्हणाली, "माझाच पायगुण वंगाळ. मी आलो की फोन बसला." त्यानंतर वर येणार नाही म्हणजे नाही. महिने चार झाले, तिनं पोराचा आवाज ऐकला नव्हता. मी फोनवर बोलून खाली जायचो आणि सांगायचो, "बरा आहे म्हणाला." ती विचारायची, "कसं म्हनाला?" आता 'बरा आहे' हे कसं म्हणतात ते मी कसं सांगणार?

तेव्हा मी ठरवलं की खाली एक जादा फोन बसवायचा. त्याच लाइनवरून वायर ओढायची, आईच्या उशाशी दुसरं यंत्र ठेवायचं. घंटी दोन्हीकडे वाजेल, उचलेल त्याचा फोन. यात काय आहे?

मी नियमानं जाणारा माणूस. अर्धी रजा टाकून टेलिफोनच्या ऑफिसात गेलो. खिडकीतले गृहस्थ फार सभ्य होते. त्यांनी अर्ज घेतला, चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाले, "फोन तात्याबांच्या नावावर आहे. त्यांची सही लागेल."

तात्याबा म्हणजे माझे वडील. नंबर त्यांनी लावला होता. फोन येण्याआधी दोन वर्षं ते गेले.

"ते वारले," मी म्हणालो.

"मग आधी नावात बदल. त्यासाठी सगळ्या वारसांच्या सह्या. समक्ष."

"एक वारस जम्मूला आहे."

"मग त्यांना फोन करून बोलवून घ्या," ते म्हणाले आणि लगेच ओशाळले, कारण माणूस वाईट नव्हता. "साहेब, नियम आहे हो."

एकोणीस वर्षं हे वाक्य मी खिडकीच्या आतल्या बाजूनं म्हणत आलो होतो. बाहेरच्या बाजूनं ते इतकं लागतं याची मला कल्पना नव्हती. मी मान खाली घालून बाहेर आलो.

घरी आलो तर सुभेदार मानसिंग फाटकात उभे. आमच्या भिंतीला भिंत लागून त्यांचं घर. फौजेच्या सिग्नल खात्यातून रिटायर झालेले. मिशा अजून ड्यूटीवर. माझ्या तोंडाकडे बघून त्यांनी सगळं ओळखलं.

"अर्ज केला व्हय?" ते हसले. "आवं साहेब, एकाहत्तर साली तोफा चालू असताना आमी सात किलोमीटर लाइन टाकलीया. रातोरात! आन् तुमी सतरा पायऱ्यांसाठी अर्ज करताय?"

"पण सुभेदार, परवानगीशिवाय..."

"आईला पोराशी बोलायचंय. त्याला कुणाची परवानगी? तुमी गप ऱ्हावा. ऑपरेशन माझ्याकडं."

इथे मी गप्प राहिलो. पुढे जे काही झालं त्याचं मूळ या गप्प राहण्यात आहे, हे मी प्रामाणिकपणे नमूद करतो.

सुभेदारांचं म्हणणं असं, की साताऱ्यात मिळते ती वायर म्हणजे दोरा. खरी वायर मिलिटरीची. ती त्यांच्या पलटणीतल्या लालासाहेबाकडे, सांगलीला. लालासाहेब मिलिटरीचा जुना माल विकायचा. मी दुसऱ्या दिवशी सुभेदारांची चिठ्ठी घेऊन सांगलीची एसटी पकडली.

लालासाहेबानं चिठ्ठी वाचली, कपाळाला लावली आणि आतून एक लोखंडी रीळ गडगडत आणलं. त्यावर काळी वायर.

"मला तीस फूट पाहिजे," मी म्हणालो.

"तोडून देत न्हाई. मानसिंगचा मानूस हाईस, पुरं ने."

"किती आहे?"

"अर्धा मैल आसंल."

ते रीळ घेऊन मी सांगली स्टँडवर आलो. कंडक्टरनं पाहिलं मात्र, शिट्टी मारून गाडी थांबवली. "ह्ये काय हाय?" मी म्हणालो, वायर. "कसली वायर?" मिलिटरीची, मी म्हणालो. खरं बोलण्याची सवय घात करते ती अशी. पुढच्या तीन बाकांवरची माणसं उठून मागे गेली. बेवारस वस्तूला हात लावू नका अशी पाटी गाडीत माझ्या डोक्यावरच होती. कंडक्टरनं मला कराडपर्यंत रिळावर हात ठेवून बसायला लावलं, म्हणजे ते बेवारस ठरू नये. कराडला एक म्हातारबाबा चढले, त्यांनी विचारलं, "पावनं, ह्यो बाँब कुठं न्हेताय?" मी म्हणालो, "आईला." त्यानंतर साताऱ्यापर्यंत माझ्याशी कुणी बोललं नाही.

रविवारी सुभेदारांनी लाइन टाकली. मला वाटलं होतं वायर जिन्याच्या कडेनं खाली येईल. पण जिन्याची बाजू 'शत्रूच्या नजरेत' येते म्हणे. म्हणून वायर हॉलच्या खिडकीतून बाहेर, न्हाणीघराच्या छपरावरून, शेवग्याच्या झाडाला वळसा घालून, मागच्या अंगणातून आईच्या खोलीत आली. तीस फुटांच्या जागी दीडशे फूट लागली. खाली एक जुनं काळं यंत्र बसवलं, तेही लालासाहेबाकडचंच. सुभेदारांनी आपल्या घरून (त्यांचाही फोन माडीवर, नाहीतर आईला तिकडेच नेली असती) आमचा नंबर फिरवला आणि खरोखर, दोन्हीकडे घंटी वाजली! आईनं रिसीव्हर उलटा धरला. सुभेदार भिंतीपलीकडून "हॅलो, पारूवैनी, हॅलो," असं ओरडत होते आणि आईला ते फोनमधून ऐकू येत नव्हतं, खिडकीतून येत होतं. पण ती म्हणाली, "येतंय की ऐकाया."

त्या संध्याकाळी तिनं स्वतः पिठलं केलं. मी चार भाकरी खाल्ल्या. आयुष्यात आपण काहीतरी करून दाखवलं अशी भावना मला त्या पिठल्यापर्यंत होती.

सोमवारी आम्रपालीला मागच्या अंगणात एक छान ताणलेली, न्हाणीघर ते शेवगा अशी, काळी वायर दिसली. तिनं तिच्यावर ओल्या चादरी वाळत घातल्या. यात तिची चूक आहे असं मी म्हणालो नाही. मी फक्त "अगं!" एवढंच म्हणालो. त्यावरून ती दोन दिवस बोलली नाही.

सुभेदारांनी मध्ये जिथे वायर जोडली होती तिथे पाणी गेलं. त्यामुळे काय झालं, की आमचा फोन एंगेज झाला. कायमचा. आम्ही उचलला की खरखर यायची आणि बाहेरून लावला की एंगेज. हे आम्हाला कळायलाच आठवडा गेला. फोन कुणाचा येत नाही म्हणून मला काही वाटलं नाही, कारण तसाही कुणाचा येत नसे. कळलं ते रविवारी. आई सकाळी आठपासून काळ्या यंत्रावर हात ठेवून बसली. दहा वाजले. साडेदहा. अकरा. मी वरून खाली, खालून वर अशा फेऱ्या मारत होतो. सुभेदारांनी आपल्या घरून लावून पाहिलं आणि भिंतीवरून मुंडकं काढलं.

"साहेब, कुणाशी बोलताय एवढं?"

"कुणाशीच नाही!"

"मग लाइनीत पानी हाय."

आईनं यंत्रावरचा हात काढून पदराखाली घेतला. मला वाटलं, हिनं मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

मी म्हणालो, वायर काढून टाकू. शेजारच्या धोंडुबाई म्हणाल्या, फोनला लिंबू-मिरची बांधा. सुभेदार म्हणाले, लाइनीत पाणी असलं तर आवाजाला जोर पाहिजे, आणि जोर असतो तो फील्ड टेलिफोनला. हा फील्ड टेलिफोन म्हणजे लढाईत वापरतात तो, कातडी पिशवीतला, हँडल फिरवायचा. तो त्यांच्याकडे होता. निरोपसमारंभात पलटणीनं भेट दिला होता. बायकोला हात लावू देत नसत, तो त्यांनी आईच्या उशाशी आणून ठेवला. माणसाच्या उपकारांना नाही कसं म्हणायचं? मी पुन्हा गप्प राहिलो.

त्यांनी तार जोडली. "वैनी, ह्ये हँडल फकस्त मी सांगीन तवाच फिरवायचं," असं बजावलं आणि वर तपासायला गेले.

आईनं सगळा जन्म जात्यावर काढलेला. तिच्यासमोर हँडल आलं आणि तिनं ते फिरवलं. दळण घातल्यासारखं, लयीत, जोर लावून. मला वाटतं, एखादी ओवीही म्हणाली असावी. वर शोकेसवरच्या आमच्या फोननं एक अशी आरोळी दिली की आम्रपालीच्या हातातलं ताट पडलं. मग 'चट' असा आवाज आला. क्रोशाच्या झाकणाखालून थोडा धूर निघाला. मग काहीच नाही. खरखर नाही, एंगेज नाही. रिसीव्हर कानाला लावला की नुसती शांतता. एवढी शांतता मी वडील गेले त्या दिवशीसुद्धा ऐकली नव्हती.

"बॅटल डॅमेज," सुभेदार हळूच म्हणाले आणि फील्ड टेलिफोन काखेत मारून घरी गेले.

मी तक्रार नोंदवली. 'फोन अचानक बंद पडला आहे,' असं लिहिलं. 'अचानक' या शब्दावर माझं पेन थोडं थांबलं. दुसऱ्याच दिवशी लाइनमन आला, यल्लाप्पा. जतकडचा, शांत माणूस. त्यानं खांबापासून नजर फिरवत आणली, खिडकी, न्हाणीघर, शेवगा. शेवग्याखाली तो बराच वेळ उभा राहिला.

"ही काय हाय हो, साहेब?"

"कपडे वाळत घालायची तार."

तो तारेच्या कडेनं चालत आईच्या खोलीपर्यंत गेला. आत वाकून पाहिलं. परत आला.

"कपड्याच्या तारंला आत टेलिफोन लटकलाय की."

मी जमिनीकडे पाहत राहिलो. पंचेचाळीस वर्षांचा हेड क्लार्क, हाताखाली सहा माणसं, आणि शेवग्याच्या झाडाखाली मी शाळेतल्या पोरासारखा उभा होतो. यल्लाप्पानं मला पुष्कळ बोलायला हवं होतं. तो म्हणाला, "आईसाठी क्येला व्हय? आसू द्या. मी काई बगितलो न्हाई. ही सगळं काडून टाका, नवीन तक्रार द्या, मी यिऊन जोडून दीतो. वरचं यंत्रपन बदलाया लागतंय, मी आनतो."

एवढा चांगुलपणा सोसायला फार जड जातो.

वायर काढायला चार दिवस गेले, कारण सुभेदारांनी गाठी मिलिटरीच्या मारल्या होत्या आणि ते स्वतः लाजेनं बाहेर येत नव्हते. मग नवी तक्रार दिली. यल्लाप्पाचा मुलूख मोठा, त्याला यायला वेळ लागणार होता. मधला रविवार तसाच गेला. प्रशांतला कळवायला म्हणून मी अंतर्देशीय टाकलं: 'फोन नादुरुस्त आहे, काळजी नसावी.' ते पत्र पोचायला बारा दिवस लागले असावेत. पोचलं तेव्हा तिथे प्रशांत नव्हता.

कारण तो आमच्या दारात होता.

गुरुवारी सकाळी मी दाढी करत होतो. फाटक वाजलं. पाहतो तर पाठीवर बिस्तरा, डोळे तांबडे, दाढी वाढलेली, असा प्रशांत अंगणात उभा. आमच्या घराकडे तो असं बघत होता, जसं काही त्याला पडकं घर दिसणार होतं.

"आई कुठाय?" त्यानं विचारलं.

"आत. चहा पितेय," मी म्हणालो. माझा अर्धा गाल साबणाचा.

तो मटकन पायरीवर बसला. मग हळूहळू त्याच्या तोंडून बाहेर आलं ते असं. पहिल्या रविवारी त्यानं फोन लावला तर एंगेज. अर्ध्या तासानं एंगेज. रांगेत तीनदा मागे जाऊन पुन्हा उभा राहिला, तीनदा एंगेज. त्याला वाटलं, घरात काहीतरी झालंय आणि दादा सगळ्या पाहुण्यांना कळवत बसलाय. पाळी नसतानाही पुढच्याच रविवारी लावला, तर घंटी वाजतेय आणि कुणी उचलत नाही. बंद फोनलाही तिकडून घंटी वाजल्यासारखी ऐकू येते, हे मला यल्लाप्पानं नंतर सांगितलं. प्रशांतला वाटलं, उचलायला घरात कुणी नाही. सगळे तिला घेऊन गेले. तो तसाच साहेबापुढे जाऊन उभा राहिला आणि रडला. साहेबांनी वर्षाच्या वाट्याची सगळी रजा एकदम मंजूर केली. दोन दिवस, तीन गाड्या. रिझर्व्हेशन नाही. दौंडपासून तर उभ्यानं.

"दादा," तो म्हणाला, "मी गाडीत डोकं भादरून घेतलं असतं. न्हावी मिळाला नाही म्हणून."

आतून आईनं मला विचारलं, "कोन हाय रं धम्मा?"

त्यावर प्रशांत आत गेला. मी बाहेरच राहिलो. आत आई हसली. ती हसली की खोकते, तशी खोकली. मी तोंड धुवायला गेलो तर साबण वाळून गेला होता.

ते दिवस घरात सण होता. आई त्याला समोर बसवून खायला घालायची आणि 'बरा हाय' हे तोंडानं म्हणायला लावायची. भावानं माझ्याशी मात्र धड बोलणं टाकलं होतं. सुभेदार दोन दिवसांनी धीर करून आले, तर त्या दोघांचं फौजेच्या हिंदीत इतकं जमलं की सगळा दोष बिनतक्रार माझ्याकडे आला.

सोमवारी मी ऑफिसातून आलो तर शोकेसवरचं क्रोशाचं झाकण आहे तिथेच. खाली जुनंच, जळकं यंत्र. त्यावर एक कागद. यल्लाप्पाच्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं: 'नवीन यंत्र घेऊन गेलो असता दुरुस्ती नको असल्याचे सांगण्यात आले. तक्रार बंद.' खाली सही होती. पारूबाई तात्याबा. प्रौढ शिक्षणाच्या वर्गात शिकलेली, एकेक अक्षर वेगळं उभं असलेली आईची सही.

मी कागद घेऊन खाली धावलो. "आई! हे काय केलंस? यल्लाप्पा आला होता?"

"आला व्हता. गरीब मानूस. च्या पाजून वाटंला लावला."

"आणि फोन?"

"काय करायचाय फोन?" ती प्रशांतच्या ताटात वाढत म्हणाली. "चालू व्हता तवा तीन मिन्टं यायचा, त्येबी वर माडीवर. बंद पडला तर पोरगं आख्खं घरी आलं. आन् तू पुन्ना चालू करतोस व्हय?"

मी प्रशांतकडे पाहिलं. तो ताटात बघून हसू दाबत होता. आम्रपाली जिन्यावर उभी होती, तिनं तोंडाला पदर लावला.

मी दुसऱ्या दिवशी टेलिफोनच्या ऑफिसात गेलो. खिडकीतले सभ्य गृहस्थ म्हणाले, ग्राहकानंच दुरुस्ती नाकारली आहे, आता पुन्हा अर्ज ग्राहकाच्या सहीनं. म्हणजे तात्याबांच्या. नाहीतर आधी नावात बदल. निदान त्या कामापुरता एक वारस घरी होता. मी प्रशांतला समक्ष उभा केला, सगळ्या सह्या झाल्या, कागद गेले. निकाल लागायला तीन महिने लागतील असं ते म्हणाले, आणि मी मान डोलावली, कारण आमच्याकडे सहा लागतात.

प्रशांत गेला तेव्हा आई फाटकापर्यंत काठी टेकत आली. रडली नाही. उलट जरा खुशीतच होती. मला त्याचं नवल वाटलं.

कळलं ते पुढच्या रविवारी. दहाच्या सुमाराला मी खाली गेलो तर आईनं नवं लुगडं नेसलं होतं आणि खुर्ची दारात, फाटकाकडे तोंड करून मांडली होती.

"कुठं निघालीस?" मी विचारलं.

"कुठं न्हाई. फोन बंदच हाय न्हवं आजून?"

"बंदच आहे."

"मग झालं तर," ती म्हणाली आणि पदर सारखा करून रस्त्याकडे बघू लागली.

वर्षाची रजा संपली, आता प्रशांत पुढच्या वर्षाशिवाय येत नाही, हे तिला सांगायचं काम अर्थातच माझ्याकडे आहे. गेले दोन रविवार मी जिन्यावरून खाली येतो, तिच्या शेजारी बसतो, आणि तिच्याबरोबर रस्त्याकडे बघतो. अजून सांगितलेलं नाही.